रागावलेला भाचा आणि त्याच्या हातातले पुस्तक

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचे गेल्या श्रावणात स्तनाच्या कर्करोगाने निधन झाले. तिचा चौदा वर्षांचा मुलगा तेव्हापासून मंगळवार पेठेत आमच्याकडेच राहतो. एरवी पेठेची फुटबॉलची मॅच न चुकवणारा हा मुलगा हल्ली मैदानाकडे फिरकतही नाही. शाळेच्या ग्रंथालयातून त्याने ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ ही इंग्रजी कादंबरी आणली असून तो ती पुन्हा पुन्हा वाचतो. परवा रात्री वाचता वाचताच उठून त्याने कपाटाची काच फोडली. आम्ही कोणीही त्याला एका शब्दाने बोललो नाही. ते पुस्तक काढून घ्यावे, असे माझ्या आईचे म्हणणे आहे. काय करावे? – एक मावशी, कोल्हापूर

उत्तर : पुस्तक काढून घेऊ नका. काच पुस्तकामुळे फुटली असे आजींना वाटणे साहजिक आहे. परंतु हा राग बहुधा आईच्या आजारपणापासूनच साठत आला असावा, आणि तसाच राग असलेला दुसरा मुलगा त्याला या पुस्तकात भेटला आहे. कादंबरीचा शेवट सांगितल्याशिवाय पुढचे बोलता येणार नाही, म्हणून तो सांगते.

या कथेची कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. २००७ मध्ये त्यांचेही कर्करोगाने निधन झाले आणि पॅट्रिक नेस यांनी ती कथा आपल्या पद्धतीने लिहून २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा नायक कॉनर तेरा वर्षांचा आहे आणि त्याची आई आजारी आहे. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी यू नावाच्या झाडाचा राक्षस त्याच्याकडे येतो, तीन गोष्टी सांगतो आणि चौथी, खरी गोष्ट कॉनरने सांगावी अशी अट घालतो. आईला शेवटी दिले जाणारे औषधही याच झाडापासून केलेले असते. ही निव्वळ कल्पना नव्हे. स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल प्रथम यू वर्गातल्या झाडाच्या सालीतूनच मिळाले, आणि आईच्या केमोथेरपीच्या कागदांवर तुमच्या भाच्याने ते नाव वाचलेले असणेही शक्य आहे.

दुसऱ्या गोष्टीच्या भरात कॉनर आजीच्या दिवाणखान्याची पार मोडतोड करतो, आणि पुढे शाळेत एका मुलाला बेदम मारतो. दोन्ही वेळा तो शिक्षेची वाट पाहतो आणि दोन्ही वेळा मोठी माणसे त्याला सांगतात की, शिक्षा करून आता काय साधणार? ही दया त्याला मारापेक्षा जास्त लागते, कारण तिच्यामुळे तो इतर मुलांमधून बाजूला काढला जातो. तुम्ही काचेबद्दल एक शब्दही बोलला नाहीत, यामागचे प्रेम मला कळते. तरीही मी बोलले असते. रागावून नव्हे, पण नवी काच बसवायला त्याला बरोबर न्या, माप त्याला घेऊ द्या आणि अभ्यास, जेवणाची वेळ, घरातली कामे हे नियम पूर्वीसारखेच ठेवा.

आता शेवट. कॉनरला रोज पडणाऱ्या भयंकर स्वप्नात आईचा हात त्याच्या हातातून सुटतो. त्याची चौथी गोष्ट अशी की, तो हात त्यानेच सोडलेला असतो. आई जावी असे त्याला मुळीच वाटत नव्हते, पण रोजची ती वाट पाहणे एकदाचे संपावे असेही वाटत होते. आपल्याकडे भेटायला येणारी मंडळी ‘सुटली बिचारी’ असे सहज म्हणून जातात. तोच विचार आई जिवंत असताना ज्या मुलाच्या मनात येऊन गेला असेल, त्याला तो स्वतःचा गुन्हाच वाटत असणार. ‘तुलाही असे वाटले होते का?’ असे त्याला कधीही विचारू नका. तुम्ही आधी ही कादंबरी वाचा, आणि दवाखान्यात जागवलेल्या रात्री तुमच्याही मनात असे काही आले असेल, तर ते स्वतःविषयी म्हणून एकदा त्याच्यासमोर बोला. त्याने उत्तर दिलेच पाहिजे, असा आग्रह नको.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात आणि राग ही त्यातली दुसरी, असे कोणी सांगेल. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या या पायऱ्या मुळात मरणासन्न रुग्णांशी बोलून ठरवलेल्या होत्या, त्यामुळे मुलाचा राग कधी ओसरेल याचा हिशेब त्यावरून करू नये. मात्र तो स्वतःला इजा करू लागला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला किंवा त्याची झोप आणि शाळा कित्येक दिवस बिघडलेली राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यास विलंब लावू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

ग्रंथालयाची मुदत संपत आली असेल, तर त्याच्यासाठी स्वतःची प्रत विकत घ्या. घेताना जिम के यांची चित्रे असलेलीच मागा, कारण चित्रांशिवायची आवृत्तीही निघालेली आहे.