नोटीस आली म्हणून पैसे भरू नका

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम मिळतंय म्हणून तिनं २,५०० रुपये भरले आणि ऑनलाइन करारावर सही केली. आठ दिवसांत ६०० फॉर्म भरून दिले. पण ‘अचूकता ९८ टक्क्यांपेक्षा कमी’ म्हणून एक रुपयाही मिळाला नाही. आता व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस आलीय : करार मोडल्याबद्दल ७,२०० रुपये भरा, नाहीतर केस. भरून टाकावे का? आणि तिला घरून करण्यासारखं खरं काम आहे का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, भरू नका. एकदा भरलेत की ‘केस मागे घेण्याची फी’ मागतील, कारण तुम्ही घाबरता हे त्यांना कळलेलं असेल.

त्या ६०० फॉर्मची कुणालाच गरज नव्हती. छापील मजकूर टाइप करून देणारी सॉफ्टवेअर आज मोबाइलमध्येही असतात. मुलीला मिळालेली चित्रं आठवा : अक्षरं अंधुक, शून्य आहे की ‘ओ’ ते कळत नाही, मध्येच एक जादा स्पेस. अचूकता मोजणारेही तेच. काम नापास व्हावं अशीच मांडणी असते. नोंदणीची फी आणि नंतरचा दंड, ही त्यांची खरी कमाई. त्यामुळे ‘मी चुका केल्या’ हे तिच्या डोक्यातून आधी काढा. (रागवायचं राहिलं असेल, तर राहू द्या. अशा गोष्टी मुलं लपवतात ती बहुतेक घरच्यांच्या भीतीनंच.)

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे, ती फक्त मागणी असते. वकील खरा आहे का, हाही प्रश्नच. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप वसूल होत नाही. भारतीय करार कायद्याच्या ७४व्या कलमानुसार कोर्ट फार तर वाजवी भरपाई देतं. काम वेळेत किंवा अचूक झालं नाही, एवढ्यावरून पोलीस कुणाला उचलून नेत नाहीत. खरंच कोर्टाचा कागद आला, तर मात्र दुर्लक्ष करू नका. तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करूनही विचारता येईल.

आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. चॅट पुसू नका. पैसे भरल्याचा यूटीआर (म्हणजे त्या व्यवहाराचा) क्रमांक, करार, नोटीस सगळं जपून ठेवा. करारासाठी आधार दिलं असेल, तर तिच्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तपासा. यापुढे ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणून कुणी फोन केला, तर तोही त्याच माळेतला मणी समजा. घरबसल्या कामाचे असेच आणखी सापळे आहेत. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे १५०-२०० रुपये सुरुवातीला खरोखर मिळतात, पुढे ‘प्रीपेड टास्क’साठी, म्हणजे आधी पैसे भरून करायच्या कामासाठी, हजारो मागतात. आणि कमिशन घेऊन स्वतःचं बँक खातं दुसऱ्याला वापरू द्यायचं काम कुणी सुचवलं, तर तिथे मुलगी फसत नाही, थेट आरोपी होते.

आता खऱ्या कामाचं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीनं सुरुवात घरातून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कराडमध्येच एखाद्या सीए किंवा कर सल्लागाराकडे दुपारचे तीन तास जाऊ दे. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जीएसटीची बिलं, बँकेचा ताळमेळ हे हाताखालून गेलं की वर्षभरानं तेच काम घरी आणता येतं, कारण देणारा माणूस ओळखीचा असतो. पगार सुरुवातीला तुटपुंजाच असेल.

जोडीला महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शासकीय संगणक टायपिंगची परीक्षा द्यावी. लिपिकाच्या सरकारी भरतीत मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र मागतात. आठ दिवसांत ६०० फॉर्म भरणारीची बोटं वळलेली आहेत. तिचा वेग मोजून कळवा, म्हणजे आधी मराठी घ्यायचं की इंग्रजी ते ठरवू.