हप्ता दोघांचा, मग घर कुणाचं?

"मॅडम, सात वर्षं हप्ता भरतेय मी. आणि आता कळतंय, घर माझं नाहीच."

समुपदेशनासाठी आलेली ती माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसता बसताच हे बोलली. पर्समधून तिने घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सरळ केला. इंडेक्स टू, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा. घड्यांवर तो अगदी मऊ पडला होता. घरी कितीदा उघडून पाहिला असेल कोण जाणे. खरेदीदार म्हणून दोन नावं होती, नवऱ्याचं आणि सासऱ्यांचं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

झालं असं होतं. त्या वर्षी तिचा पगार वाढला. सीए म्हणाला, गृहकर्जाच्या व्याजाची वजावट आता तुम्हीही घ्या, करारनामा तेवढा पाठवा. तिने पाठवला आणि त्याचा फोन आला: "तुम्ही सहकर्जदार आहात, पण सहमालक नाही. तुम्हाला वजावट मिळणार नाही." खरेदीची नोंदणी झाली तेव्हा ती सातव्या महिन्यात माहेरी होती. बिल्डरची घाई होती, "तुझं नाव नंतर लावू" असं ठरलं. महिन्याभराने बँकेच्या कागदांवर मात्र तिने सह्या केल्या. तेव्हापासून ती धरून चालली होती की घर आपल्या तिघांचं.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या तोंडी हा प्रश्न सारखा असतो: हप्ता भरते म्हणजे घरात माझा वाटा आहे ना? उत्तर कडू आहे, पण ते मी पहिल्याच भेटीत देते. सहकर्जदार असणं ही जबाबदारी आहे. हप्ते थकले तर बँक तिच्याकडून पूर्ण रक्कम मागू शकते. मालकी ठरते ती नोंदणी झालेल्या दस्तावरून. हप्ते भरल्याचे बँकेचे उतारे उद्या कोर्टात कामाला येऊ शकतात, पण त्यांनी मालकी आपोआप मिळत नाही. घरात राहण्याचा हक्क ही आणखी निराळी गोष्ट. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005च्या कायद्याने तो बायकोला दिला आहे, आणि घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण राहायला मिळणं आणि मालकीण असणं यांत फार अंतर आहे.

घरी तिने विषय काढला होता. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, सोसायटीत नॉमिनी म्हणून तुझंच नाव टाकू की!" त्या मनापासून बोलल्या होत्या. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सभासदाच्या पश्चात सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्या नावाने ठरतं. घर शेवटी कायदेशीर वारसांकडेच जातं. नवरा म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" त्यानंतर दोन आठवडे घरात कामापुरतं बोलणं.

त्या वाक्याचा मला खरोखर त्रास होतो. कागदाबद्दल विचारलं की बाई अविश्वासू ठरते. पण कर्ज देताना बँक सात ठिकाणी सह्या घेते, तेव्हा कुणी दुखावत नाही.

दुसऱ्या भेटीला नवरा आला. माणूस सरळ होता, वाईट हेतू कुठेच नव्हता. मी त्याला एकच विचारलं: "बाबांच्या पश्चात त्यांचा वाटा कुणाचा?" तो म्हणाला, "माझाच ना." हा समज घरोघरी आहे. करारात वाटे लिहिलेले नसतील, तर ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात ते धरले जातात. पुरावा नसेल तर समसमान. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच तसं आहे. समसमान धरलं तर सासऱ्यांचा अर्धा. त्यांनी मृत्युपत्र केलं नाही, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तो अर्धा सासूबाई, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला जाणार, म्हणजे प्रत्येकाला घराचा सहावा हिस्सा. नाशिकला राहणारी त्याची बहीणसुद्धा या घराची सहमालक होणार. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे ताईलाही माहीत नसेल."

तिसऱ्या भेटीला सासरे आले. हातात प्लास्टिकची फाईल. निवृत्तीच्या पैशातले अठरा लाख त्यांनी या घरात घातले होते आणि त्या चेकची झेरॉक्स जपून ठेवली होती. मी म्हटलं, "काका, सुनेचं नाव लागलं तर तुम्हाला कशाची भीती वाटते?" त्यांनी फाईल मांडीवर घेतली. "माझ्या वडिलांचं नाव गावच्या घराला लागलंच नव्हतं. चुलते म्हणाले, भाऊच आहोत, कागद कशाला. आजोबा गेले आणि वर्षभरात आम्ही भाड्याच्या खोलीत. मी आठवीत होतो."

सून शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, मी आज तिथेच उभी आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसत राहिले. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, हे मला अनुभवाने शिकवलं आहे.

पुढचं काम वकिलांचं होतं आणि मी त्यांना तिकडेच पाठवलं. सासरे आधी म्हणत होते, "माझ्याच वाट्यातलं तिला देतो." वकिलांनी थांबवलं. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलं किंवा नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, पण नवरा हयात असलेली सून त्या सवलतीत बसत नाही. म्हणून नवऱ्याने स्वतःच्या वाट्यातला अर्धा बायकोला बक्षीसपत्राने द्यायचा, असं ठरलं. आधी बँकेचं ना-हरकत पत्र, कारण घर तारण आहे. मग दोन साक्षीदार आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी. ही नोंदणी टाळून साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेलं बक्षीस टिकत नाही, हे इथे मुद्दाम सांगते, कारण तसे कागद घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि एकदा रीतसर दिलेलं बक्षीस पुढे भांडण झालं म्हणून परत घेता येत नाही, यावर नवऱ्याला मी दोनदा विचार करायला लावलं. रागाच्या किंवा अपराधीपणाच्या भरात कुणी सही करू नये असं मला वाटतं. त्याने आठ दिवस घेतले आणि मग सही केली.

सासऱ्यांनी मृत्युपत्राचा मसुदा केला आहे. त्यात आपल्या पश्चात सासूबाईंना त्या घरात मरेपर्यंत राहता यावं, हे त्यांनी सगळ्यात वर लिहायला लावलं. मुलीच्या वाट्याची ओळ मात्र अजून कोरी आहे. "तिला न विचारता कसं लिहू?" असं परवा फोनवर म्हणाले. येत्या शनिवारी ती नाशिकहून येतेय, आणि चौघांच्या जोडीला पाचवी खुर्ची लागेल का, असं सूनबाईंनी मला आधीच विचारून ठेवलं आहे.