घरी आलेला नवा चित्रपट : मत कोणाचे मानावे?

प्रश्न : आमच्या गावात चित्रपटगृह नाही, त्यामुळे नवा चित्रपट मोबाइलवर किंवा टीव्हीवर येईपर्यंत आम्ही थांबतो. ‘स्थळ’ आपल्याच भागातला म्हणून पाहायचे ठरवले, तर पुतण्या म्हणतो फारच संथ आहे आणि बचत गटातल्या मैत्रिणी म्हणतात चुकवू नका. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दोन्ही मते प्रामाणिक असतील. म्हणूनच मत विचारताना ‘कसा आहे?’ एवढ्यावर न थांबता कोठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला आणि मधले भाग भराभर पुढे पळवले का, हेही विचारावे. जयंत दिगंबर सोमलकर यांच्या या चित्रपटात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो. पाहुणे बदलतात, पण नाव काय, उंची किती, शिक्षण किती, हे प्रश्न तेच राहतात. कानात इअरफोन घालून एकट्याने पाहणाऱ्या तरुणाला ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटणे साहजिक आहे, परंतु ज्या बायका स्वतः कधीतरी त्या पाटावर बसल्या, त्यांना तिसऱ्या वेळी तोच प्रश्न ऐकताना अंगावर काटा येतो. माझे मत मैत्रिणींच्या बाजूने आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावातली माणसे आणि तिथलीच बोली यांमुळे तो खोटा वाटत नाही. २०२३ मध्ये टोरंटो महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला, हे मात्र तुम्ही विसरलात तरी चालेल.

मत कोणत्या पडद्यासाठी दिले आहे, हेही पाहावे लागते. हिंदी चित्रपट सहसा आठेक आठवडे चित्रपटगृहात राहून मगच घरी येतात. तोवर कानावर आलेली मते मोठा पडदा, मोठा आवाज आणि शिट्ट्या यांच्या भरात दिलेली असतात. ओसरीवर, मध्येच लाइन जात असताना, तोच चित्रपट वेगळा भासतो. उलटही घडते. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलवरचा २०२२ चा ‘झुंड’ सुमारे तीन तासांचा असल्याने अनेकांना लांबलेला वाटला (उत्तरार्ध मलाही पसरट वाटला), पण कापूस वेचून थकून आलेल्या घराने तो दोन रात्रींत विभागून पाहिला तर ती लांबी मुळीच टोचत नाही.

प्रश्न : लहान मुलांसमोर लावावा की नाही, हे आधी कसे कळेल?
— एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : ओळखीच्यांच्या ‘चालतंय’वर विसंबू नये. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, इंटरनेटवरून मोबाइल-टीव्हीवर चित्रपट दाखवणाऱ्या सेवांना (ओटीटी) चित्रपटाबरोबर वयोगट दाखवावा लागतो. त्यात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे टप्पे आहेत व प्रौढांसाठीचा गट वेगळा आहे. त्याच्याशेजारी हिंसा, शिवीगाळ किंवा तत्सम कारणही लिहिलेले असते, ते वाचावे. शंका राहिल्यास मुले झोपल्यावर सुरुवातीचा अर्धा तास स्वतः पाहून ठरवावे.