सहा चेंडू झाले की झाले

चि. यास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज वाचला. दोन्ही मुलांना उन्हाळी क्रिकेट शिबिरात घातलंस, चौथ्या दिवशी थोरला पहिल्याच चेंडूवर आऊट झाला, बॅट फेकून मैदानाबाहेर पळाला आणि ‘उद्यापासून याला आणू नका’ असं तुला ऐकवलं गेलं. आता धाकट्याचंही क्रिकेट बंद करू का, म्हणून विचारतोस. अजिबात नको. त्यातून त्याला एवढंच कळेल, की आपलं काहीही काढून घेतलं जातं ते दादापायी.

थोरल्याचं काय बिनसलं ते आधी बघ. तुम्हा सगळ्यांचं मत पडलं, की त्याला हार सोसत नाही. मला नाही तसं वाटत. बॅट हातात आली, खेळ सुरू झाला आणि ध्यानीमनी नसताना कुणीतरी बोट वर करून तो संपवला. तुझ्या धाकट्यासाठी आऊट होणं हा नियम आहे. आठ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलासाठी तो न सांगता आलेला शेवट आहे. म्हणून पत्रभर एकच गोष्ट सांगणार आहे, कंटाळलास तरी वाच: खेळ मांडण्याआधी त्याचा शेवट त्याला डोळ्यांनी दिसू दे. आणि दाखवलास तिथेच थांब.

‘अजून पाच मिनिटं’ म्हणजे शेवट नव्हे. मिनिटं दिसत नाहीत, आणि मोठ्यांची पाच मिनिटं कधी दोन असतात, कधी वीस. चेंडू दिसतात. बादलीत सहा टेनिस बॉल ठेव. टाकलेला चेंडू परत बादलीत जायचा नाही, शेजारच्या पिशवीत जायचा. बादली रिकामी झाली की बॅटिंग संपली. मध्ये आऊट झाला तरी सहाच्या सहा चेंडू खेळायचे, फक्त दर आऊटला पाच धावा वजा. हे मी मनचं सांगत नाही. लहान मुलांच्या जोडी-क्रिकेटमध्ये असंच असतं. जोडीला ठरलेल्या ओव्हर मिळतात, विकेट गेली तर धावा कापतात, बॅट काढून घेत नाहीत. वजाबाकीने थोरला बिथरला, तर पहिले काही आठवडे धावा मोजूच नकोस. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे दोघांत सहज चालतं, आणि धाकट्यालाही सहाच मिळतात, त्यामुळे ‘त्यालाच का जास्त’ ही कटकट नाही.

आता तू हमखास काय करशील तेही सांगते. खेळ रंगलाय, थोरला हसतोय, आजी गॅलरीतून कौतुकाने बघतायत, बादली रिकामी होते आणि तू म्हणतोस, ‘चल, अजून एक ओव्हर!’ झालं. उद्यापासून रिकाम्या बादलीला काही अर्थ उरला नाही. आणखी खेळायचंच असेल तर आधी हा खेळ संपव, बॅट खाली ठेवू दे, पाणी पिऊ दे, मग बादली भरून नवा खेळ मांड. लोक या बाबतीत मला हेकट म्हणतात. म्हणोत बापडे. मैदानावर आवाज, माणसं, ऊन, सगळंच त्याच्या हाताबाहेरचं असतं. भरवसा ठेवावा अशी एकच गोष्ट आपण त्याला देतो, आणि तीही आपल्या हौसेपायी मोडायची?

घरातल्या खेळांतही निवड कर. पकडापकडीला शेवटच नाही, म्हणून ती बहुधा रडारडीने संपते. लपाछपीत माणसंच गायब होतात. ते दोन्ही पुढे बघू. लगोरी घे. सातवी चकती बसली की खेळ संपला, हे कुणी सांगावं लागत नाही. पण शिकव उलट्या बाजूने: सहा चकत्या तू रच, सातवी त्याला ठेवू दे आणि ‘लगोरी!’ ओरडू दे. ते जमलं की पाच तू, दोन तो. अशाने पहिल्या दिवसापासून खेळ संपवण्याचं काम त्याच्याच हातात राहतं. फरशीचे तुकडे घेऊ नकोस, कडा लागतात आणि पडताना आवाज होतो. लाकडी चकत्या किंवा जाड पुठ्ठा बरा. चेंडू स्पंजचा, आणि चेंडू मारून बाद करणं सध्या नको. नेम धरणं धाकट्याकडे दे, त्याला तेच आवडतं.

सोसायटीतली पोरं त्याला कच्चा लिंबू करतील. त्यात दुष्टावा नसतो, पण महिनोन् महिने कच्चा लिंबू राहिलेल्या मुलाला कुणी भिडू म्हणून मागत नाही. छोटं का असेना, खरं काम मागून घे. आणि टॅम्प्लीज त्याला नीट शिकव. ‘थोडं थांबा’ म्हणण्याची सोय पोरांच्या खेळात आधीपासून आहे, त्यासाठी वेगळं कार्ड छापायला नको. बोलता आलं नाही तर नुसती हाताची खूण. टॅम्प्लीज म्हटल्यावर कुठे जायचं ती जागाही ठरव, पायरी किंवा कठडा, नेहमी तीच. गुणगुणणं चढायला लागलं, हात कानांवर गेले, कुंपणालगत येरझाऱ्या सुरू झाल्या की त्याने मागायची वाट बघू नकोस, तूच खूण कर. तरीही स्फोट झालाच तर समजावत बसू नकोस, मागून धरू नकोस. गर्दी हटव, गप्प बस, शांत झाल्यावर पाणी दे. त्या दिवशी परत खेळात ढकलायचं नाही.

पोहणं मात्र शिकवच, आणि क्रिकेटच्या आधी शिकव. नजर चुकवून निघून जाणं आणि पाण्याची ओढ या दोन्ही गोष्टी अनेक ऑटिस्टिक मुलांत एकत्र असतात, आणि बुडण्याचा धोका त्यातूनच येतो. पहिल्या दिवशी पाण्यात उतरवू नकोस. कपडे बदलायची खोली, शॉवर, क्लोरिनचा वास एवढंच. तलाव रिकामा असतो ती वेळ माग. दंडाला फुगवायचे पट्टे नकोत. त्यांनी अंग उभं राहतं आणि पोराला वाटतं आपल्याला येतंय. स्ट्रोक नंतर. आधी पाठीवर तरंगणं, मग पाण्यात पडल्यावर वळून काठ धरणं, आणि शेवटी हेच घरच्या कपड्यांत. काठावर पाच रिंगा मांड, एक काम झालं की एक रिंग बादलीत. आठ मिनिटांत पाचही संपल्या तर आठ मिनिटांत बाहेर. फी पूर्ण तासाची भरलीय हा हिशेब तुझा, त्याचा नव्हे. पोहता आलं तरी पाण्याजवळ मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. विसर्जनाच्या घाटावर तर ढोल, गर्दी आणि पाणी एकदम असतं. तिथे एक जण फक्त त्याच्यासाठी ठेव, फोटो दुसरा कुणी काढेल.

सांघिक खेळ हवाच असेल तर माझं मत खो-खोला. नियम पक्के असतात. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळायचं नाही, मधली पाटी, म्हणजे मैदानावर आखलेला मधला पट्टा, ओलांडायची नाही, हे अशा मुलांना आवडतं. अडतं ते एका जागी. पाटीत बसलेल्याला खो पाठीमागून मिळतो. न दिसलेला हात अचानक पाठीवर पडतो, आणि पोर उठून धावण्याऐवजी दचकतं किंवा उलटून मारतं. सामन्यात शब्द आणि स्पर्श एकदमच लागतात, पण सरावात आधी शब्द आणि मग हात. सुरुवातीला बाजूने, दिसेल असा. मग हळूहळू मागे सरक. बोटांचा ओझरता स्पर्श त्याला जास्त टोचेल, म्हणून पूर्ण तळवा, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, घट्ट. आठ पाट्या लागत नाहीत, फक्कीने चार आख. डाव मिनिटांवर मोजतात, आणि मिनिटं त्याला दिसत नाहीत. त्याच्यासाठी खांबाला तीन रिबिनी बांध आणि तो एकदा धावून आला की एक सोड. तिन्ही सुटल्या की त्याचा डाव संपला, संघाचा चालू राहू दे. आणि दुसऱ्यांचे फाऊल तो ओरडून सांगेल. बरोबरच सांगेल! पण ते पंचांचं काम आहे, हे आधीच बजावून ठेव.

धाकट्याकडे येते. तो सहा वर्षांचा आहे, दादाचा मदतनीस नाही. ‘त्याच्याकडे लक्ष ठेव हं’ हे वाक्य मैदानावर बंद. शेवट दिसण्याचा नियम त्यालाही लागू आहे: दादाबरोबर एक बादली किंवा एक लगोरी, मग तो मोकळा, आणि ‘अजून थोडं खेळ ना त्याच्याशी’ असा लाडिक दबाव नको. तुमच्या घरात ऑटिझम हा शब्द कुजबुजत बोलतात, ते थांबवा. त्याला सरळ सांग, की दादाला ऑटिझम आहे, मोठा आवाज आणि अचानक झालेला बदल त्याला फार त्रास देतात. मित्रांनी विचारलं तर एवढंच उत्तर त्यालाही पुरतं. त्याच्या मॅचला तुझा फोन खिशात आणि डोळे त्याच्यावर. थोरल्याला अख्खी मॅच बसवून छळू नकोस. शेवटच्या चार ओव्हरला आण, मुठीत चार खडे दे, ओव्हर संपली की एक खाली. दोन वर्षांत धाकटा खेळात त्याच्या पुढे जाईल. जाऊ दे. तुलना नातेवाईक करतील, तू भर घालू नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात. शाळा पीटीच्या तासाला त्याला वर्गात बसवत असेल तर लेखी विचार; दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 16 मध्ये शासनमान्य शाळांनी खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या स्पर्धा आठव्या वर्षापासून असतात, पण त्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आहेत, त्यामुळे नुसत्या ऑटिझमच्या प्रमाणपत्रावर प्रवेश मिळेल असं धरून चालू नकोस. त्यांच्या युनिफाइड संघांत दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र खेळतात. तिथे धाकटा पुढे कधी गेला तर स्वतःच्या मनाने जाऊ दे.

पुढच्या कोचकडे जाशील तेव्हा तोंडी गाऱ्हाणं नको, अर्धा कागद ने. त्यात लिही: शिट्टी कानाजवळ नको, हात वर करून बोलवा. सूचना एका वेळी एक. जर्सीचं लेबल कापलंय, आत सुती बनियन राहील. बूट वेल्क्रोचे. टॅम्प्लीजची खूण केली तर दोन मिनिटं पायरीवर जाऊ द्या. पहिला आठवडा रोज वीसच मिनिटं, बादली मी आणतो. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: सहा चेंडू ठरले असतील तर सातवा टाकू नका, त्याने मागितला तरी.

तुझ्या
बाई