जुनी इनोव्हा: बेल्टच्या आधी चेंबरची चाळणी बघा

तुमची गाडी २०११ ची इनोव्हा, अडीच लिटर डिझेल, २ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर आणि चफ्-चफ् आवाज, टी-बेल्टचा (टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाल्याचा) दिवा लागलेला, आणि इंजिन गरम झालं की सिग्नलला ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो. गॅरेजने टायमिंग बेल्ट, क्लच आणि पुढचं सस्पेन्शन अशी यादी दिली आहे, सुरुवात कुठून करायची हे तुम्ही विचारलंय.

सुरुवात ऑइलच्या दिव्यापासून. तो लुकलुकत असताना गाडी चालवू नका, गॅरेजलाही टो करूनच न्या. धूर, आवाज आणि हा दिवा ही तीन वेगळी दुखणी नसून एकच असण्याची शक्यता मोठी आहे.

टोयोटाच्या या केडी मालिकेच्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी एक छोटा सीट वॉशर असतो. तो बसका झाला की सिलिंडरमधला जळका वायू इंजेक्टरच्या कडेने वर येऊन टॅपेट कव्हरखाली (इंजिनच्या वरच्या झाकणाखाली) शिरतो. त्याची काजळी ऑइलमध्ये मिसळते, ऑइल घट्ट होतं, आणि हा गाळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरून ऑइल पंपाच्या चाळणीवर जमतो. चाळणी बुजली की पंपाला ऑइल मिळत नाही, प्रेशर पडतं आणि बेअरिंग खातात. डिपस्टिकवर ऑइल पूर्ण दिसत असूनही इंजिन जाम होतं ते यामुळे.

पहिलं काम, ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून इंजिन पूर्ण गरम असताना रीडिंग घ्या. आयडलला (गाडी उभी, पाय अॅक्सिलरेटरवर नसताना) ०.३ किलो आणि ३००० आरपीएमला २.५ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर), याखाली काटा जाता कामा नये. मग ऑइल काढून ड्रेन बोल्टच्या भोकातून बारीक कॅमेरा घाला. चाळणीच्या जाळीवर डांबरासारखा थर दिसला तर चेंबर उतरवावंच लागेल. नीट काही दिसलं नाही तरी या किलोमीटरला चेंबर उतरवाच. चाळणी डिझेलमध्ये भिजवून ब्रशने धुवा, जाळी फाटली असेल तर नवी घाला. चेंबर परत बसवताना गॅस्केट मेकरची (सील करणाऱ्या पेस्टची) रेघ २-३ मिलिमीटरच ठेवा. जास्त लावलेला आत दाबला जातो, सुटतो आणि त्याच चाळणीवर जाऊन बसतो. फ्लशिंग ऑइल अजिबात नको, कारण हेडमधला (इंजिनच्या वरच्या भागातला) सगळा गाळ एकदम सुटून खाली येतो.

आता मूळ कारण. टॅपेट कव्हर काढलं की चारही इंजेक्टरची बुडं शेजारी शेजारी ताडून बघा. गळणाऱ्याभोवती काळा, चकचकीत, कडक कार्बन धरलेला असतो, बाकीच्यांभोवती नुसतं ऑइल. खात्री हवी असेल तर त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना सर्वांत वर आणा, ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून हवा द्या आणि इंजेक्टरच्या बुडाशी थोडं स्वच्छ ऑइल ओता. बुडबुडे आले की वॉशर गेलेला.

वॉशर चारही एकदमच बदला. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जुना वॉशर सीटला चिकटून राहतो आणि त्यावरच नवा बसवला जातो. काही आठवड्यांत पुन्हा गळती. म्हणून आत टॉर्च मारून बघा, जुने चारही वॉशर हातात मोजून घ्या. सीट साफ करताना कटरला ग्रीस लावा, म्हणजे कार्बनचे तुकडे सिलिंडरमध्ये न पडता ग्रीसला चिकटून बाहेर येतात. प्रत्येक इंजेक्टर आपल्याच सिलिंडरमध्ये परत गेला पाहिजे. त्याच वेळी रिटर्न लाइनचे (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीचे) वॉशरही नवे घाला. ते गळले तर डिझेल थेट ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढत असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर दोष तिथे आहे. बसवून झाल्यावर स्कॅनरवर फीडबॅक व्हॅल्यू, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा, बघा. गरम इंजिन, आयडल, चारही आकडे अधिक-उणे ३ च्या आत हवेत. एखादा सतत बाहेर असेल तर तो इंजेक्टर पंप-नोजलवाल्याकडे टेस्ट बेंचवर द्या. धूर तरीही राहिला तर ग्लो प्लग एकेक करून तपासा.

टायमिंग बेल्ट मात्र खरंच बदलायचा आहे, टाळू नका. या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकतात. बेल्टबरोबर आयडलर (बेल्टला वळवणारी पुली) आणि हायड्रॉलिक टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) हेही नवे घ्या. टेन्शनरची पिन काढल्यावर क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवा, त्याआधी स्टार्टरला हात लावू नका. कॅमच्या सीलमधून ऑइल झिरपत असेल तर ते आधी बदला, ऑइल लागलेला बेल्ट टिकत नाही. वॉटर पंप या बेल्टवर नाही, बाहेरच्या पट्ट्यावर आहे. गळत नसेल तर राहू द्या.

ऑइल १५ डब्ल्यू-४०, डिझेलचं, सीआय-४ दर्जाचं. फिल्टरसकट साडेसहा ते सात लिटर धरा, पण शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघतच ओता. हे पहिलं ऑइल फिल्टरसकट १००० किलोमीटरला काढून टाका, कारण हेडमधला उरलेला गाळ त्यातच उतरतो. पुढे ५००० ला बदलत राहा.

क्लच घसरत नसेल तर थांबू शकतो. सस्पेन्शनमधले खालचे बॉल जॉइंट मात्र आजच तपासून घ्या. चाक उचलून पहारीने हलवा, खेळ जाणवला तर लगेच बदला, कारण जॉइंट निसटला की चाक बाहेर पडतं. बुश आणि शॉकअॅब्सॉर्बर नंतर केले तरी चालतील. आणि गाडीची आरसी १५ वर्षांनी, म्हणजे २०२६ मध्ये संपते. फिटनेस करून ती पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवायची का, हे ठरवूनच क्लचच्या खर्चाला हो म्हणा.