गाय परकं वासरू जवळ घेत नाही, काय करू?

राजापूरकडच्या एका दादांचा मेसेज आलाय. त्यांची गाय कोकण कपिला जातीची, दुसऱ्या वेताची, चार दिवसांपूर्वी व्यायली पण वासरू अडलं आणि मेलेलंच बाहेर आलं. त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीत एका गायीला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि ती गेली, मागे सहा दिवसांची पाडी. दादांनी पाडी आणून गायीपुढे सोडली, तर गायीने एकदा हुंगलं आणि सरळ शिंगावर घेतलं, दुधाला तोंड लावायला गेली तर लाथ. "साहेब, गाय माया करत नाही, पाडी देऊन टाकू काय?"

दादा, देऊ नका, आणि गायीला मारूही नका. तिचं काही चुकत नाहीये. गाय आपलं वासरू मुख्य म्हणजे नाकाने ओळखते. व्याल्यावर पहिले काही तास ती ओलं वासरू चाटत असते ना, तेव्हाच तो वास तिच्या डोक्यात बसतो, आणि मग दुसऱ्या वासाचं वासरू कासेजवळ आलं की ती हाकलणारच. त्यामुळे आपल्याला फक्त वासाचं काम करायचंय, बाकी ती करेल. चार दिवस गेलेत म्हणजे थोडा उशीर झालाय, पण गाय अजून दूध देतेय, हंबरून वासरू शोधतेय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे आशा आहे.

आधी पाडीचं पोट बघा. आपल्या कपिलेची पाडी पंधरा-सोळा किलोची धरली तर तिला दिवसाला वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे दीड लिटरच्या आसपास दूध लागतं, ते तीन-चार वेळा विभागून द्या. गाय पाजेपर्यंत बाटलीने पाजा, दूध अंगाच्या उबेएवढं कोमट हवं, मान वर ताणून धरू नका, आणि बांबूच्या नळीने घशात ओतायचा प्रकार तर बिलकूल नको, दूध फुफ्फुसात जातं आणि वासरू दोन दिवसांत हातचं जातं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ते दूध ह्याच गायीचं पिळून द्या. पिशवीचं नको, म्हशीचं नको. कारण गाय वासराला हुंगते ती शेपटीखाली. तिचंच दूध दोन-तीन दिवस पाडीच्या पोटातून गेलं की शेणाला तिच्या ओळखीचा वास यायला लागतो, आणि गायीच्या वागण्यात फरक पडतो तो बहुतेक तिथूनच. पाडीला साबणाने धुवू नका, गोठ्यात फिनेल ओतू नका, नाहीतर केलेली मेहनत वाया.

पाजताना गायीला खुंट्याला आखूड बांधा, पुढ्यात आंबोण ठेवा, लाथ मारत असेल तर मागचे पाय सैल बांधा. तिचंच थोडं दूध पिळून पाडीच्या पाठीला आणि शेपटीच्या बुडाला चोळा, वर जाडं मीठ भुरभुरा. पाडी भुकेली हवी, म्हणजे आधी तीन-चार तास काही देऊ नका, पण गळून जाईल इतकी उपाशी नको. तिला उलटी उभी करा, तोंड कासेकडे आणि शेपूट गायीच्या तोंडाकडे, स्वतःच्या आईला पिताना वासरं अशीच उभी राहतात, आणि गायीला जे हुंगायचंय ते आपोआप नाकाखाली येतं. संध्याकाळी, मंद उजेडात, रोजच्या दूध काढणाऱ्या माणसानेच हे करावं, बघायला पोरं नकोत आणि कुत्रा तर नकोच.

मेलेल्या वासराचं कातडं काढून दुसऱ्याच्या पाठीवर बांधायची जुनी पद्धत आहे आणि ती चालते, पण आपल्याकडच्या दमट हवेत ते दोन दिवसांत कुजतं, माशा बसतात, आणि खूप घरांत ते करवत नाही, मलाही बघवत नाही. चिपळूण तालुक्यात एका काकींनी काय केलेलं सांगतो. गाय व्याली तेव्हा खाली अंथरलेलं गोणपाट, त्यावर वासराच्या अंगाचं सगळं पाणी मुरलेलं, ते त्यांनी टाकलं नव्हतं. वासरू मेल्यावर तेच गोणपाट दुसऱ्या वासराच्या पाठीवर सुंभाने बांधलं. मी समोर पडवीत बसलेलो. गाय बराच वेळ नुसती फुसफुसत होती, मग जीभ बाहेर काढून गोणपाट चाटायला लागली, चाटत चाटत गोणपाट संपलं तिथून पुढे मानेवर आली, उघड्या कातडीवर, आणि तोंड मिटूनच घशातल्या घशात हूं हूं करायला लागली. काकींच्या डोळ्यांत पाणी होतं. तो बारीक आवाज लक्षात ठेवा, लांब हंबरण्यापेक्षा तो वेगळा असतो, तो आला की निम्मं काम झालं.

पण मेलेलं वासरू हगवणीने किंवा तापाने गेलं असेल, किंवा दिवस भरायच्या आधीच गाभ पडला असेल, तर त्याची कुठलीच वस्तू दुसऱ्या वासराला लावू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. गोठ्यातला रोग त्याच वाटेने पसरतो. वार (व्याल्यावर पडणारी झार) किंवा ते पाणी हाताळताना हातमोजे घाला, लेप्टो, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा ताप, आपल्या भागात आहे आणि भातलावणीत पायाला जखमा असतातच. पान्ह्यासाठी इंजेक्शन आणून स्वतः टोचू नका. बारा तासांत वार पडली नसेल किंवा कास दगडासारखी झाली असेल तर १९६२ ला, म्हणजे जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला, फोन करा.

रात्री पाडीला बांबूचा कूड मध्ये घालून शेजारीच ठेवा, वास जाईल पण शिंग पोचणार नाही. बांधल्याशिवाय गाय स्वतःहून चाटायला लागली, पिऊ द्यायला लागली की मगच समोर थांबून मोकळी सोडा. कुणाची गाय दोन दिवसांत घेते, कुणाची दहा-बारा. दोन आठवड्यांतही जमलं नाही तर बाटलीवर वाढवा, पाडी तशीही जगते.

दुसरा प्रश्न गुहागरच्या ताईंचा, थोडक्यात सांगतो. त्यांची गाय विताना गेली, वासराला चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, मिळालाच नाही, आणि घरची दुसरी गाय दहा दिवसांत व्यायची आहे, तिला हे लावता येईल का? ताई, आज आधी चीक शोधा, वाडीत कुणाची ताजी व्यायलेली गाय असेल तिथून आणा. पहिल्या सहा तासांत जेवढा पोटात जाईल तेवढा चांगला, चोवीस तासांनंतर त्यातली ताकद आतड्यातून रक्तात उतरत नाही. फ्रीजरमधला असेल तर कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवा, चुलीवर ठेवलात तर खरवस होईल आणि वासराच्या कामाचा राहणार नाही. दुसरी गाय व्यायली की तिच्या वासराच्या अंगावरचं पाणी ह्या वासराला लगेच चोळा आणि दोघांना एकत्र तिच्यापुढे ठेवा, ह्याहून चांगली वेळ नाही. फक्त तिच्या वासराला चीक आधी पाजा, कारण दहा दिवसांचं थोराड वासरू ढुशा देऊन सगळं ओढून घेतं. कपिलेचं दूध दिवसाला दोन-अडीच लिटर, दोघांना ते पुरणार नाही, म्हणून मोठ्याला वरून बाटली चालू ठेवा आणि घरच्या चहाला काही दिवस बाहेरचं दूध आणा.