पुष्पगुच्छ, तुरा की गुलदस्ता?

प्रश्न असा आहे : लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर अथवा पुष्पगुच्छ आणू नयेत’ असे छापलेले असते. तेथे ‘पुष्पगुच्छ’ हा शब्द योग्य आहे का, आणि ‘तुरा’ किंवा ‘गुलदस्ता’ त्या जागी चालला असता का?

‘पुष्पगुच्छ’ हा समास निर्दोष आहे. मात्र त्यातल्या ‘गुच्छा’ने आपले घर बदललेले आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘गुच्छक’ आणि ‘स्तबक’ हे शब्द वनौषधिवर्गात, म्हणजे वनस्पतींच्या प्रकरणात, कळीच्या शब्दांना लागून येतात, म्हणजे तेथे गुच्छ हा झाडावरच आलेला घोस आहे. माणसाने गुंफलेल्या फुलांचे शब्द मात्र मनुष्यवर्गात, वस्त्रे आणि दागिने यांच्या शेजारी आहेत, आणि त्यांची वाटणी फुलाच्या जातीवरून किंवा गुंफण्याच्या पद्धतीवरून केलेली नसून शरीरावरच्या जागेवरून केलेली आहे. केसांच्या मध्ये खोवलेली माळ ती ‘गर्भक’, शेंडीवरून खाली लोंबणारी ‘प्रभ्रष्टक’, पुढे कपाळावर आलेली ‘ललामक’, गळ्यातून सरळ खाली सोडलेली ‘प्रालंब’, जानव्यासारखी छातीवर तिरपी घातलेली ‘वैकक्षिक’, आणि माथ्यावर बांधलेली ‘आपीड’ किंवा ‘शेखर’. (आज शेखर नावाच्या गृहस्थांना आपण डोक्यावरचा फुलांचा साज आहोत याची कल्पना क्वचितच असते.) त्याच कोशात ‘हार’ म्हणजे मोत्यांची माळ, फुलांचा हार हा त्या शब्दाचा पुढचा विस्तार होय.

हे शब्द मराठीत राहिले नाहीत, पण नाव देण्याची रीत राहिली. ‘वेणी’ हा मुळात केसांच्या पेडांचा शब्द. त्या पेडांवर माळायच्या फुलांनाच आपण वेणी म्हणू लागलो, इतके की ‘वेणीवर वेणी माळली’ हे वाक्य आपल्याला खटकत नाही. ललामकाची जागा नवरानवरीच्या मुंडावळ्यांनी घेतली. ‘तुरा’ त्याच पंक्तीतला आहे, फक्त तो अरबी-फारसीतून आला. मूळ ‘तुर्रा’ म्हणजे कपाळावर आलेली बट किंवा झालर. त्यावरून पागोट्यात खोचायचा झुबका, कोंबड्याचा तुरा, उसाला आलेला तुरा, आणि शाहिरी परंपरेत कलगीवाल्यांशी सवाल-जवाब करणारे तुरेवाले. पागोटी गेल्यावर हा तुरा डोक्यावरून हातात उतरला. ‘हारतुरे’ या जोडशब्दात हार गळ्यातला आणि तुरा हातात द्यायचा, देठांशी घट्ट बांधलेला आटोपशीर झुबका असतो. सेलोफेनमध्ये गुंडाळलेल्या, दोन्ही हातांनी कवेत धरायच्या आजच्या प्रकाराला तुरा म्हणणे मला तरी जड जाते.

‘गुलदस्ता’ शरीराची जागा सांगत नाही, तो मापाचा शब्द आहे : ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘दस्ता’ म्हणजे ‘दस्त’ किंवा हात यावरून मुठीत मावेल इतका जुडगा. कागदाचा दस्ता आणि सैन्याचा दस्ता हे त्याचेच भाऊ. मोगल वास्तुशैलीत छताच्या कडेला उभ्या केलेल्या फुलांच्या आकाराच्या बारीक शिखरांनाही गुलदस्ता म्हणतात. ताजमहालावर ती दिसतात. मराठीत हा शब्द परका नाही, पण आज पत्रिकेत तो हिंदी वाटेल.

आता पात्रात मांडलेल्या फुलांविषयी. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये फुलांच्या कला एकाहून अधिक आहेत : तांदूळ आणि फुले यांच्या आकृती काढणे, फुलांच्या शय्या, माळा गुंफण्याचे प्रकार, शेखर-आपीड बांधणे. पाण्याच्या भांड्यात देठ उभे करून रचना साधणे ही कला मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही. येथे कोणी सांची किंवा अमरावती येथील शिल्पांतल्या कमळांनी भरलेल्या घटांकडे बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यालाही ‘पूर्णघट’ म्हणजे भांड्याचेच नाव मिळाले, फुलांच्या मांडणीला नाही. ‘फुलदाणी’तही आपले फूल आणि अत्तरदाणी-पिकदाणीतले फारसी ‘दान’ एकत्र आले आहे. जपानमध्ये याउलट मांडणीलाच नाव आहे. ‘इकेबाना’त फूल जिवंत ठेवण्याची कल्पना आहे. म्हणून फुलदाणीतल्या मांडणीसाठी ‘पुष्परचना’ हा शब्द मला आवश्यक वाटतो, पण तो भेट म्हणून द्यायच्या फुलांना लावू नये.

राहिला ‘बुके’. फ्रेंचमध्ये त्याचा जुना अर्थ झाडांची लहानशी राई असा होता, पुढे तो फुलांच्या जुडीवर आला. म्हणजे ‘गुच्छ’ जसा झाडावरून हातात आला तसाच हाही रानातून हातात आला. दुकानात बुकेच मागावा. पत्रिकेत मात्र ‘पुष्पगुच्छ’ राहू द्यावा. तेथे ‘हारतुरे’ लिहिले, तर वाचणाऱ्याला ते लग्नाऐवजी सत्काराचे निमंत्रण वाटेल.